तोंड मिटून

घरात तिला रेडिओ म्हणत, कारण तिला बंद कुठून करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दात घासतानासुद्धा तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. गेल्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात राहिली, तेव्हा मात्र काही दिवस आवाज पार गेला आणि सगळं घर दबकत चालू लागलं. मग एका सकाळी न्हाणीघरातून मूत्रपिंडाचं कार्य ऐकू आलं आणि तिच्या आईनं हुश्श केलं.

आई शिवणकाम करी. पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात डोकं नसलेला कापडी पुतळा. त्याला दोघी मावशी म्हणत. रेडिओचा अभ्यास याच खोलीत चाले, येरझारा घालत, मोठ्यानं, हातात आईचा खडू घेऊन. मावशीच्या अंगावर ती हृदय काढी, आतडी काढी. एकदा आईनं एका गिऱ्हाइकाचा कोट उलटा करून मावशीला चढवला होता, तर त्याच्या अस्तरावर अख्खं यकृत उमटलं आणि कोट तसाच गिऱ्हाइकाकडे गेला. कोटवाल्या बाई तणतणत परत आल्या.

"हा डाग कसला?"

"यकृत आहे," रेडिओ म्हणाली. "जरा मोठं झालंय."

आईनं ब्रश घेतला.

रेडिओ समजावून सांगायची आणि आई मशीन चालवता चालवता "हं" म्हणायची. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण "हं" म्हटल्याशिवाय पोरगी पुढे सरकत नसे, म्हणून म्हणायचं.

या वर्षी घरात तट पडले. आत्याचा मुलगा उजळणीच्या क्लासला जाऊन पास झाला होता, त्यामुळे आत्या त्या क्लासची बिनपगारी एजंट झाली होती. "घरी बसून डॉक्टर होता आलं असतं, तर मी आत्तापर्यंत सर्जन झाले असते," ती फोनवर म्हणे. रेडिओला घरीच अभ्यास करायचा होता. आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्यांचं सगळं बोलणं लिफ्टचंच.

"एकदा अडकली, चालतं," ते जेवताना म्हणाले होते. "दुसऱ्यांदा अडकली, की मी लोकांना जिना दाखवतो. यंदा नाही झालं तर दुसरं काहीतरी बघायचं, बाळा."

ते रागावून बोलले असते तर आईला एवढं लागलं नसतं. ते अगदी मायेनं बोलले.

क्लासची रीत अशी होती, की एक दुपार येऊन नमुन्याच्या तासाला बसायचं, त्यांची एक परीक्षा द्यायची आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं. त्यानंतर जागा दुसऱ्याची. आई सोबत गेली. रिकाम्या हातानं बसणं तिला जमत नसे, म्हणून पिशवीत एक स्कर्ट घेतला होता तुरपाईला.

परीक्षेच्या खोलीला काचेची भिंत होती. बाहेर बाकांवर पालक बसले होते, आत मुलं, आणि दोन्हीकडे सारखीच शांतता. आई चार टाके घाली आणि वर बघे. रेडिओ खिडकीजवळ बसली होती. पेपर हातात पडताच तिचे ओठ हलायला लागले. आईला हसू आलं. लागला रेडिओ.

तेवढ्यात देखरेख करणाऱ्या बाई तिच्या बाकापाशी आल्या. रागावल्या नाहीत, नुसतं ओठांवर बोट ठेवलं. रेडिओनं मान हलवली, तोंड मिटलं. आणि तिचं पेन थांबलं.

आई सुई धरून बघत राहिली. पेन उचललं जाई, कागदाशी जाई, परत येई. मग रेडिओनं मान वर केली आणि समोर बघितलं. समोर कोरी भिंत होती. पण ती बघण्याची तऱ्हा आईच्या ओळखीची होती. घरी एखादं वाक्य अर्ध्यात सोडून ती मशीनकडे अशीच बघायची, "हं"साठी.

आईनं नकळत "हं" म्हटलंसुद्धा. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ दचकले. काचेपलीकडे काहीच गेलं नाही.

घरी चालत येताना रेडिओ गप्प होती. कोपऱ्यावरचा सिग्नल सुटला तरी दोघी उभ्याच.

"येत होतं का तुला?" आईनं विचारलं.

"येत होतं गं. बाहेर येऊन सगळं आठवलं. तोंड बंद केलं की डोक्यात दिवेच जातात."

"मागच्या वर्षीही?"

रेडिओनं मान हलवली. "मला वाटलं, घाबरल्यामुळे झालं."

आईच्या डोक्यात एकेक टाका उसवत गेला. पोरीला खात्री नसली की तिचा आवाज खाली येई, वाक्याचं शेपूट पडे. आणि मग आईचं "हं" आपोआप वर जाई, प्रश्नासारखं. लगेच रेडिओ म्हणे, "थांब, चुकलं. डावा कप्पा." एवढी वर्षं आई समजत होती, आपण नुसता हुंकार देतोय. मुलीची खात्री आपल्या गळ्यात राहते, हे तिला कुठे माहीत. आणि परीक्षेला तो गळा फाटकाबाहेर राहायचा, पाण्याची बाटली धरून.

घरी पोचतात तोच आत्याचा फोन.

"कळवलं का? जागा जाईल हं."

"कळवते," म्हणून आईनं फोन ठेवला आणि लेकीकडे वळली. "तू जाच क्लासला. माझ्यामुळेच झालंय हे सगळं. तिथं तरी मी नसेन."

"तिथं सर बोलतात," रेडिओ म्हणाली. "आज नमुन्याचा तास घेतला ना, अगदी छान बोलतात. दर वाक्याला विचारतात, बरोबर? सगळे मान हलवतात, मीही हलवली. म्हणजे तुझ्याऐवजी ते. मला गप्प कोण बसवणार?"

"नुसत्या परीक्षांना येऊ देतील का?"

"विचारलं मी. सगळं घ्या नाहीतर काहीच नको, म्हणाले."

बाबा कामावरून येऊन दारातच उभे होते, हाताचं ग्रीसही न पुसता. "नक्की ठरवा," ते एवढंच म्हणाले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. हे चुकलं तर कुणीही तिला बोल लावणार नव्हतं, बाबा नाही, आत्याही फार नाही. ती स्वतःच लावणार होती, जन्मभर.

"तुझं तू सांग," ती लेकीला म्हणाली.

रेडिओनं क्लासला फोन केला. नाही म्हणताना तिचा आवाज खाली आला, वाक्याचं शेपूट पडलं. आईच्या घशापर्यंत "हं" आलं. तिनं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ इस्त्रीच्या टेबलाशी जुना पेपर घेऊन बसली. खडू आईनं कपाटात टाकला होता. मावशीचं तोंड, म्हणजे जिथे ते असायला हवं ती बाजू, भिंतीकडे फिरवली होती. आई एका पॅन्टच्या पायांना खुणा करत होती आणि टाचण्या डबीत न ठेवता एकेक करून ओठांत धरत होती, दुकानात फिटिंग घेताना धरायची तशा. ओठांत टाचण्या असल्या की माणूस बोलत नाही, हुंकारही देत नाही. तसं केलं तर पोटात जायच्या.

खोलीत इतकी शांतता आईनं कधी ऐकली नव्हती. तिला ती मुळीच आवडली नाही.

पेन काही वेळ चाललं, मग थांबलं. रेडिओचे ओठ उघडले. तिनंच ते दातांखाली धरले. मग मान वर करून तिनं आईकडे पाहिलं, तसंच, अर्ध्या वाक्यासारखं.

आईला जीव तोडून "हं" म्हणायचं होतं. टाचण्या जिभेला लागल्या, लोखंडाची चव आली. तिनं नुसतं पाहिलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आणि क्लासमधल्या त्या कोऱ्या भिंतीची तिला पहिल्यांदाच कीव आली.

रेडिओनं नजर खाली नेली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं पेनानं उत्तराचा एक गोल काळा केला, हळूहळू, काठापर्यंत.

बरोबर की चूक, ते आईला कळायला मार्ग नव्हता. तिनं ओठांतली एक टाचणी काढून कापडात खोचली आणि दुसरी उचलून त्या जागी धरली.