निळ्या डब्यातला स्वच्छ कागद

१९७४ साल. मला एकविसावं लागलं होतं आणि ताईला घर सोडून दोन वर्षं झाली होती. लोक म्हणत ती पळून गेली. खरं तर आमच्याच गॅरेजातल्या फिटरशी लग्न करायला ती भरदुपारी, पेटी घेऊन, सगळ्यांच्या देखत चालत गेली. दादा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा एका गाडीखाली आडवे होते. त्यांनी डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. फक्त म्हणाले, "बारा नंबरचा पाना दे." तो मी दिला.

दादांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. वापरलेला ऑइल फिल्टर उघडून, आतला कागद पाहून ते इंजिनाची प्रकृती सांगत. कापायचं काम माझं. फिल्टर दिवसभर पालथा ठेवून तेल निथळू द्यायचं. मग कटर फिरवत डब्याची कड सोडवायची. करवत लावायची नाही, कारण करवतीचा कीस आत पडला की तो इंजिनाचाच समजून माणूस फसतो. मग घड्यांचा कागद हळूहळू उलगडून टेबलावर पसरायचा. पत्र्याच्या शेडमध्ये येणारं अकराचं ऊन, रॉकेलचा वास, दादांचं गुणगुणणं, सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. तेवढ्या सुखाचे दिवस मला पुन्हा आले नाहीत. नखं मात्र कायमची काळी. जाताना ताई म्हणाली होती, "तू राहशील इथेच. या नखांच्या हाताला कोण हात लावतंय?"

भावोजींनी एक शेड भाड्याने घेऊन स्वतः फिल्टर बनवायला सुरुवात केली. लाल डबा. टॅक्सीमालकांची संघटना साठ गाड्यांसाठी फिल्टर शोधत होती. ठरलं असं की सहा गाड्यांना भावोजींचा लाल, सहा गाड्यांना बाहेरून येणारा निळा. तीन महिने गाड्या पळवायच्या, मग डॉक्टरांनी फिल्टर उघडून निकाल द्यायचा.

आदल्या दिवशी ताई मागच्या दाराशी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाळली होती.

"हे काम गेलं तर शेड गेली गं," ती म्हणाली. "दादांना म्हणावं, जावई समजू नका. पण जे दिसेल ते बोला."

"सांगते," मी म्हणाले.

त्या दुपारी मी बाराही फिल्टर कापले. लाल डब्यांतले सहाही कागद काळे कुळकुळीत, गाळाने जड झालेले, पण कुठे फाटलेले नाहीत. निळ्यांतले कागद मधाच्या रंगाचे, जवळजवळ कोरे. तेल तेच, रस्ते तेच. तीन महिन्यांनी कागद कोरा राहतो तो तेल त्याच्यातून गेलंच नाही म्हणून. फिल्टरच्या तळाशी एक झडप असते. कागद तुंबला तरी इंजिन कोरडं पडू नये म्हणून ती उघडते. तिची स्प्रिंग मऊ असली तर झडप कायम उघडीच, आणि सगळी घाण थेट इंजिनात. मी लाल फिल्टरची स्प्रिंग दाबली, तिने माझा अंगठा मागे ढकलला. निळ्याची कापसासारखी दबली.

"दादा, निळा नुसता बसून होता. त्याने काही गाळलंच नाही."

दादांनी बाराही स्प्रिंगा एकेक करून दाबून पाहिल्या. मग सगळ्या झडपा गोळा करून भंगाराच्या डब्यात टाकल्या.

"उद्या नुसते कागद मांड," ते म्हणाले.

रविवारी सकाळी संघटनेची माणसं आली. अध्यक्षांनी टेबलाकडे पाहिलं आणि पोट धरून हसले.

"डॉक्टर, जावयाने डब्यात डांबर भरलं होतं की काय?"

"अहो, गाळणी काळी झाली म्हणजे तिने काम केलं," भावोजी म्हणाले. "चहाची गाळणी कोरडी ठणठणीत दाखवून कोणी चहा गाळला म्हटलं, तर ऐकाल?"

"आम्ही गाडीत चहा घालत नाही हो!" मागून कोणीतरी ओरडलं. शेड हसून दणाणली.

भावोजींचे कान लाल झाले. "दादा, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही सांगा. आणि झडपा कुठे आहेत?"

दादांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "मी जावयाची बाजू घेतली तर लोक म्हणतील डॉक्टर फितूर झाला. फिल्टर हिने कापलेत. हिलाच विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. ताई दाराशी उभी होती, पदर मुठीत धरून. माझ्याकडे बघून तिने मान डोलावली, जणू माझ्या तोंडून काय येणार हे तिला ठाऊकच होतं.

"बोल गं," भावोजी म्हणाले. "तुझा हात लागलाय त्याला."

मी माझ्या नखांकडे पाहिलं. काय बोलायचं ते दादांनी मला सांगितलं नव्हतं.

"झडपा दोन्हीकडच्या सारख्याच होत्या," मी म्हणाले. "कागद काय, समोरच आहे."

निळा डबा साठ गाड्यांना लागला. भावोजींची शेड दोन महिन्यांत बंद झाली. वर्ष संपता संपता एकेक टॅक्सी खडखडत आमच्याच दारात येऊ लागली. दादा म्हणत, रस्ते वाईट. इतकं काम आमच्याकडे कधीच आलं नव्हतं, माणसं पुरेनात. तेव्हा भावोजी काम मागायला आले. दादांनी त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं, "जावईबापू, कापायचं टेबल घ्या. आता कागद ओळखता येईल तुम्हाला."

अध्यक्षांनी गाड्या विकून पिठाची गिरणी टाकली. दादा ऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. अंत्ययात्रेला रस्ता भरला होता.

भावोजींनी माझ्या टेबलावर अकरा वर्षं काढली. एकदा कुठल्याशा जुन्या गाडीतून निळा डबा निघाला. त्यांनी त्याची स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवून विचारलं, "तेव्हाही एवढीच मऊ होती का गं?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी फुप्फुसांच्या आजाराने गेले.

माझं लग्न झालं नाही. ताई माझ्याकडेच असते. माझे हात थरथरतात म्हणून माझी नखं तीच काढते, बोट घट्ट धरून, जपून. "त्या दिवशी दादांसमोर तू तरी काय बोलणार होतीस, बाई," असं अधूनमधून म्हणते, आणि दुसरं बोट हातात घेते.