सीडी रिकामी परत धाडू नये

देशात खुलं वारं सुटून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. युसूफ वडगावात ते आधी शाम्पूच्या पुडीतून आलं, मग मोबाईलच्या मनोऱ्यावरून आलं, आणि शेवटी रुद्राणीच्या लग्नात टेम्पोत बसून आलं. बाकीच्या पोरी माहेराहून कपाट आणतात. रुद्राणीनं कपाटाऐवजी कॉम्प्युटर मागून घेतला होता. सासरे मन्मथप्पांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, किराणा दुकानाला लागून असलेली खोली दिली आणि वर पाटी लावली, 'रुद्राणी कॉम्प्युटर्स'. कॉम्प्युटर एकच होता, पण पाटीत कंजूषपणा कावून करायचा?

वर्षभर बरं चाललं. लग्नपत्रिका, अर्ज, टीसीच्या नकला. मग कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन आलं आणि मशीनला व्हायरस लागला. केजचा बंकट मोटरसायकलवर यायचा, मशीनकडं डॉक्टरसारखं बघायचा आणि म्हणायचा, "फारमॅट मारावा लागतंय वैनी." फारमॅट मारला की व्हायरस जायचा आणि त्याच्यासोबत गावातली सगळी लग्नंही जायची. एका पत्रिकेतली तर दोनशे बारा नावं गेली, त्यात दोघं रुसलेले जावई होते.

सासू नीलाबाईंनी आपल्या परीनं इलाज केला. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मिरची वाळली, सुटली आणि मागच्या जाळीतून आत पडली. मशीन तापल्यावर असा काही ठसका उठला, की अर्ज टाइप करायला आलेले दोघं अर्ज तिथंच टाकून पळाले. व्हायरस मात्र जागचा हलला नाही.

आठवड्यानं मशीन निळं पडलं ते पडलंच. बंकटनंही हात टेकले.

"रुद्राणी," मन्मथप्पा म्हणाले, "कार्तिकी पुनवेला आमी कपिलधारच्या यात्रेला चाललो. आमी परत यायच्या आत हा डबा चालू झाला तर ठीक. न्हाईतर त्या खोलीत सरकी पेंडीची पोती लावतो. पेंडीला व्हायरस लागत न्हाई."

नवरा संगमेश्वर तिथंच बसला होता. त्याची रीत अशी, की जो शेवटी बोलेल त्याचं खरं. तो म्हणाला, "खरं हाय अप्पांचं."

रुद्राणी उठली आणि मशीनवरची धूळ पुसू लागली. त्या घरात तिला दिवसभर लोक कामं सांगायचे. त्या खोलीत मात्र लोक तिला विचारायचे आणि ती काय म्हणते ते ऐकायला थांबायचे. तेवढी एक खोली पेंडीला द्यायची नव्हती.

पेपरात तिनं वाचलं होतं, की उबुंटू नावाची एक लिनक्स आहे. नवख्या माणसालाही जमते, व्हायरसचा ताप नाही, आणि मागितली तर सीडी घरपोच फुकट येते. पहिल्यांदा व्हायरस लागला तेव्हाच केजच्या कॅफेत जाऊन तिनं फॉर्म भरला होता आणि विसरून गेली होती. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात पोस्टमन सुंदरराव परदेशी तिकिटाचं जाड पाकीट दोन्ही हातांनी धरून आले, जसं काही त्यात विंचू आहे.

"परदेशातून हाय," सुंदरराव म्हणाले. "तुमचं कोण हाय तिकडं?"

"कुणीच न्हाई," मन्मथप्पा म्हणाले.

"मंग पाठवलं कावून?"

"त्येच म्हनतो मी."

रुद्राणीनं समजावलं. "अप्पा, ते सगळ्यांनाच देत्यात. फुकट."

मन्मथप्पांनी चष्मा वर केला. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसासमोर 'फुकट' हा शब्द म्हणजे शिवीच. "हे बघ पोरी. शेजारनीनं वाटीभर आमटी धाडली, तर आपन वाटी कशी परत करतो?"

"भरून."

"रिकामी कधी धाडली?"

"न्हाई."

"मंग? ह्या मान्सानं सात समुंदरापलीकडून भांडं भरून धाडलं. आपलं काही गेल्याशिवाय ह्याला तोंड लावायचं न्हाई." असं म्हणून त्यांनी सीडी उचलली आणि देवघरात विभूतीच्या डबीमागं ठेवून दिली.

आली का पंचाईत! यात्रेहून परतायच्या आत मशीन चालू कर म्हणणारे तेच, आणि सीडीला हात लावू नको म्हणणारेही तेच.

नीलाबाईंनी लगेच पदर खोचला. टिकाऊ म्हणून शेंगापोळ्या केल्या, एकवीस. वर शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी. कापडात शिवलेलं पार्सल सुंदररावांनी काट्यावर ठेवलं, उचललं, आणि काट्यावर तेलाचा गोल उमटला.

"ह्ये न्हाई जमायचं अप्पा. तिकडचा साहेब पत्रं वाचंल का चटणी चाटंल?"

मग पोळ्या स्टीलच्या डब्यात गेल्या. डब्याचं झाकण तेलगावच्या पत्रेकाम करणाऱ्या पाहुण्याकडून कथलाचा डाग देऊन पक्कं केलं. डबा निघाला. मन्मथप्पा रोज सकाळी सुंदररावांना विचारायचे, "पोचला असंल का?" आणि सुंदरराव रोज बोटावर हिशेब करून डबा थोडा पुढं सरकवायचे. "आज समुद्रात असंल."

दिवाळीच्या तोंडावर डबा परत आला. मुंबईच्या पुढं गेलाच नव्हता. खाण्याच्या वस्तूंना परवानगी नाही, असा शिक्का होता.

मन्मथप्पा मटकन बसले. "भरलेला डबा परत आला? आगं, सोयरीक मोडल्यावर सुदीक कुनी असं करत न्हाई!"

"अप्पा, त्यांनी न्हाई धाडला परत. हितूनच आला."

"कुनीका धाडंना. आपलं त्यांच्या दारात गेलं न्हाई ना? मंग त्यांचं आपल्या ताटात कसं घ्यायचं?"

डबा उघडायला पुन्हा पत्र्याची कात्री आणावी लागली. पोळ्या चांगल्या निघाल्या. त्या खाता खाता रुद्राणीनं मनातल्या मनात दिवस मोजले. पुनवेला अठरा उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती केजला गेली. कॅफेत बसून या लिनक्सवाल्यांना नेमकं काय लागतं ते शोधलं. परत आली ती उड्या मारत.

"अप्पा! त्यांना पोळ्या नकोत. त्यांना शब्द पायजेत!"

"कसले शब्द?"

"मशीनवर सगळं इंग्रजीत हाय. ते मराठीत करायला मान्सं न्हाईत त्यांच्याकडं. कुनीबी सुचवा म्हनत्यात. पोस्ट नको, तेल गळत न्हाई, मुंबईला अडत न्हाई."

मन्मथप्पांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "शब्द दिले तर भांडं भरलं, असं धरायचं का?"

"आमटीपरीस जास्त टिकतंय अप्पा."

"खरं हाय तिचं," संगमेश्वर म्हणाला, कारण शेवटी तीच बोलली होती.

पण कोणते शब्द आहेत ते बघायला सीडी तर लावायला पाहिजे. पाकिटावर लिहिलं होतं, की मशीनमध्ये काही न बदलता नुसती चालवूनही बघता येते. मन्मथप्पांनी निकाल दिला, "चाखायला हरकत न्हाई. जेवायचं न्हाई."

तर सीडी लावली. महिनाभर निळ्या तोंडानं बसलेलं मशीन घरघरलं, घुर्रर केलं, आणि पडद्यावर मातीच्या रंगाचं अंगण उगवलं. नीलाबाईंनी दाराशीच हात जोडले. "बाई, सारवून ठिवलंय जसं!"

दुकानाच्या पायऱ्यांवर बैठक बसली. रुद्राणी इंग्रजी शब्द वाचायची, अर्थ सांगायची आणि वहीत मराठी लिहायची. फायली टाकून द्यायची जागा? सुंदरराव म्हणाले 'कचरापेटी'. ऊसतोडीला जाणारी कौशल्याबाई मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज करून घ्यायला आली होती, ती हसली. "पेटी कुठं हाय आपल्या गावात? उकिरडा म्हना की. उकिरड्यावरचं पुन्हा उचलून आनता येतंय, असं तुमीच म्हनलात ना?" येत होतंच. उकिरडा लिहिलं.

अडून बसलेल्या प्रोग्रामला जबरदस्तीनं घालवायचं ते?

"हाकलून द्या," कौशल्याबाई म्हणाली. "मुकादम म्हनतो तसं."

काम संपवून बाहेर पडायचं बटण?

"येतो," नीलाबाई आतून म्हणाल्या. "जातो म्हनू न्हाई बाई, कुनाच्या बी तोंडून."

आणि मशीन बंद करायचं?

इथं मन्मथप्पा उठून उभे राहिले. "बंद? खबरदार! दुकान कधी बंद करत्यात का? दुकान वाढवत्यात. लिव, वाढवा."

"अप्पा, लोकांना वाटंल आवाज वाढवा."

"वाटू दे. बंद हा शब्द मह्या उंबऱ्यात लिवायचा न्हाई."

काही काम चालू असताना 'थांबा' असं सांगायचं ते सगळ्यात शेवटी आलं. त्याला काय म्हणावं यावर कुणाचंच जमेना. तेवढ्यात गिऱ्हाईक ओरडलं, "अप्पा, साखर द्या की!" मन्मथप्पा सवयीनं म्हणाले, "जरा दम धरा." रुद्राणीनं तेच लिहून घेतलं.

त्रेचाळीस शब्द झाले. रुद्राणी वही घेऊन केजला गेली आणि एक-एक करून भरून आली. त्या संध्याकाळी मन्मथप्पांनी देवघरासमोर पाट मांडून सीडी तिच्या हातात दिली. "भांडं भरून गेलं. आता जेव."

यात्रेची जीप सकाळी निघाली तेव्हा सीडी आत बसत होती. मशीननं विचारलं, तुमचं गाव कोणतं? नकाशात वडगाव नव्हतं, केज नव्हतं, बीड नव्हतं. सगळ्यात जवळचं गाव म्हणून कोलकाता निघालं. रुद्राणीनं मुकाट्यानं कोलकाता केलं.

मशीन चालू झालं. प्रिंटर मात्र रुसला.

कौशल्याबाईची टोळी पुनवेनंतर चार दिवसांनी कारखान्याकडं निघणार होती. त्याआधी तिच्या मुलीचा, मनिषाचा अर्ज तालुक्याला गेला तर पोरगी वसतिगृहात राहणार होती. नाहीतर आईबापामागं फडात. अर्ज टाइप झाला, लेझीमसारखी सरळ रांगेत अक्षरं आली, आणि रुद्राणीनं प्रिंट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वायर काढली, लावली, दाबलं. प्रिंटरला थापटलं, दाबलं. दोन दिवस जो आला त्यानं दाबून पाहिलं. सुंदररावांनी शिक्का मारायच्या हातानं दाबलं. नीलाबाईंनी डोळे मिटून दाबलं.

तिसऱ्या दिवशी मन्मथप्पा परतणार. रुद्राणीनं सकाळपासून सेटिंगची एकेक खिडकी उघडली. नावांच्या लांबलचक यादीत आपल्या प्रिंटरचं नाव सापडलं, त्याच्यापुढं खूण केली आणि दम खाल्ला.

प्रिंटर खाकरला. एक अर्ज आला. कौशल्याबाईनं तो छातीशी धरला. दुसरा आला. तिसरा आला. मशीननं दोन दिवसांतलं एकेक दाबणं इमानदारीनं जपून ठेवलं होतं, आणि आता ते सगळं फेडायला बसलं होतं.

नेमकी तेव्हाच जीप थांबली. मन्मथप्पा प्रसादाची पिशवी घेऊन उतरले, तर खोलीच्या दारातून कागद उडत येत होते आणि अर्धं गाव ते गोळा करत होतं.

"चालू झालं का?" ते ओरडले.

"झालं का काय इचारता अप्पा!" रुद्राणी आतून किंचाळली. "बंद कसं करायचं ते सांगा!"

"बंद म्हनू नको! वाढवा म्हन!"

शेवटी कागदच संपला तेव्हा प्रिंटर वाढला. एक्केचाळीस अर्ज झाले होते. एक पुरे, असं रुद्राणी सांगत होती, पण कौशल्याबाई कुठली ऐकते? एवढे छापलेत तर वाया कशाला घालवायचे म्हणून तिनं सगळ्यांवर अंगठे मारले आणि गठ्ठाच्या गठ्ठा तालुक्याच्या कचेरीत ठेवला. तिथल्या साहेबाला वाटलं, वडगावातून मोर्चा निघतोय. त्यानं पहिला अर्ज वाचला, कागद पूर्ण होते, सही करून टाकली. मनिषा राहिली. आणि पंचक्रोशीत बोभाटा झाला, की रुद्राणीकडं टाइप केलेला अर्ज मंजूरच होतो. आधीच सांगून ठेवलेली सरकी पेंडीची पोती आली ती दुकानाच्या पायरीवरच थांबली, आणि तिथंच गिऱ्हाइकाला बसायला उपयोगी पडली.

वैशाखात सुंदरराव पुन्हा जाड पाकीट घेऊन आले. या खेपेला एका हातातच धरलं होतं. नवी सीडी. रुद्राणीनं ती लावली, मराठी निवडलं, आणि घरचे सगळे मान लांब करून बघायला लागले.

उकिरडा नव्हता. येतो नव्हतं. हाकलून द्या नव्हतं. वाढवा तर नव्हतंच. शहरातल्या कुणीतरी तपासून त्रेचाळीसपैकी बेचाळीस शब्द सभ्य करून टाकले होते. मन्मथप्पांचं तोंड उतरत चाललं.

रुद्राणीनं एक मोठी फाईल उघडली. मशीन घुरघुरलं. पडद्याच्या मधोमध छोटी चौकट आली:

'जरा दम धरा.'

मन्मथप्पा पुढं वाकले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. गिऱ्हाईक बाहेरून साखर मागत होतं, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते त्याला काहीच म्हणाले नाहीत. चौकट गेली, फाईल उघडली.

"परत दाव," ते म्हणाले.

तिनं परत दाखवलं. चारदा. मग ते पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघू लागले आणि एकदम दचकले.

"आगं रुद्राणी! ह्येनी तर पुन्हा भरून धाडलं!"

"हां अप्पा."

"म्हंजी आपल्यावर पुन्हा आलं की."

"आलं."

मन्मथप्पांनी पायरीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवलं, पेंडीची पोती सरळ रांगेत लावली, वर सतरंजी टाकली. "वही काढ. कौशल्याबाई फडावरून परत आली का बघ, तिला बोलाव. सुंदरराव, बसा तुमी बी." मग आत तोंड करून म्हणाले, "आन ह्या बारीला निदान दोन शब्द तरी बसले पायजेत. एका शब्दावर मान्सं काय म्हनतील?"

"खरं हाय अप्पांचं," संगमेश्वर म्हणाला.