खोक्यावर लिहिलं होतं ‘फुटेल’

दंतवैद्याच्या मदतनिसाने आत्याची नवी कवळी पाण्यासकट काचेच्या बरणीत घातली, बरणी खोक्यात ठेवली आणि वर ठसठशीत लिहिलं, ‘हलवू नका. फुटेल.’ अक्षर सुरेख होतं, हे मी आजही नाकारत नाही.

पाचला सोसायटीची सभा होती. लिफ्ट बसवायची की नाही, ते ठरायचं होतं. आत्या चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच मत दिलं होतं. अध्यक्ष तळमजल्यावर राहतात आणि जिने चढण्याच्या फायद्यांवर बोलतात. त्यांना गप्प करू शकेल अशी एकटी आत्या. पण दात नाहीत म्हणून महिनाभर तिने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या इमारतीसमोर बँक आहे. तिच्या कट्ट्यावर खोकं ठेवून मी कोपऱ्यावर पेपर घ्यायला गेलो. परतलो तर रस्त्याला दोरी बांधलेली, आमची इमारत रिकामी केलेली आणि खोकं पलीकडे एकटंच.

“बॉम्ब आहे,” इस्त्रीवाला म्हणाला. “तसं लिहिलंयसुद्धा. माणूस प्रामाणिक दिसतो.”

मी हवालदाराला म्हणालो, “साहेब, ते माझं आहे.” हे चुकलंच. त्याने माझा दंड धरला.

“कधी फुटेल?”

“पडलं तर.”

“आणि नाही पडलं तर?”

“मग कशाला फुटेल?”

“लिहिलं कुणी?”

“दंतवैद्याच्या मदतनिसाने.”

“म्हणजे टोळी आहे,” तो वहीत लिहीत म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून आत्या आली. “अहो, त्यात माझे दात आहेत!” असं ती ओरडली. दातांशिवाय त्याचं झालं, “त्यात माझे हात आहेत!”

हवालदाराने तिचे दोन्ही हात नीट पाहिले. “मग हे कुणाचे?”

याचं उत्तर देईपर्यंत बॉम्बशोधक पथक आलं आणि त्यांनी लांबूनच खोक्यावर पाण्याचा जोरदार झोत सोडला. बरणीचा चुरा झाला. वरचे दात गटारात गेले. खालचे पथकालाही सापडले नाहीत.

पाच वाजले. दोरी सुटेना. अध्यक्ष म्हणाले, “आपण सगळे आहोतच, सभा इथेच उरकू.” आत्या पुढे झाली. तोंडावरचा पदर तिने काढला आणि बोलायला लागली. नुसती हवा आणि थुंकी. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “कळलं नाही, परत सांगा.” आत्याने पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कळलंच नाही तर खोडायचं काय, हे त्यांना सुचेना. चौथ्या वेळी ते हात जोडून म्हणाले, “मान्य, वहिनी, मान्य!”

“काय मान्य?” चिटणीसाने पेन उघडलं.

“त्या म्हणतात ते!”

चिटणीसाने माझ्याकडे पाहिलं. “लिफ्ट,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी आत्याकडे एकदा पाहिलं. ती पाचव्यांदा तोंड उघडत होती. त्यांनी घाईघाईने चिटणीसाची वही हवालदाराच्या पाठीवर टेकवली आणि सही केली.