न घासलेली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझ्या तोंडाशी टवका उडाला आहे आणि तळाशी हिरवट थर बसला आहे. अशा रूपाने कुणी मिरवत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझे आयुष्य समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मुख्य बाईंनी एका खडकाळ किनाऱ्यावरून पातळ पानांचे हिरवे शेवाळ आणले आणि माझ्यात ठेवले. पुढे तो किनारा भराव घालून बुजवला. त्या जागेचे तेवढेच शेवाळ जिवंत उरले. बाई आल्यागेल्याला कौतुकाने मला दाखवत. मग टवका उडाला. शेवाळ नव्या बाटल्यांत गेले आणि मी उरल्यासुरल्या पाण्यासकट मोरीच्या ओट्याखाली गेले. खरे सांगते, मला फार लागले.

गोगलगाईने कुरतडले की हे शेवाळ उग्र रसायन सोडते आणि ती मागे फिरते. ते रसायन शेवाळाचे स्वतःचे, की त्याच्या अंगावरच्या जिवाणूंचे, हे बाईंना शोधायचे होते. म्हणून त्यांनी औषध घालून सगळे जिवाणू मारले. झाले भलतेच. शेवाळाला पानेच येईनात. नुसते गोळे वाढत, हात लागताच सुटून पडत. बाईंनी उजेड बदलला, मीठ मोजले, बाटल्या पुन्हा उकळल्या. एकेक बाटली मरत गेली. शेवटी एकच उरली, तेव्हा बाई डोके धरून बसल्या.

काचसामान धुणाऱ्या मावशींनी मला बाहेर काढले.

"बाई, सगळं घासा म्हणालात, पण ही मी घासली नाही. तुमच्या पहिल्या शेवाळाचं पाणी ओतून द्यायला जीव झाला नाही."

बाईंनी मला उजेडात धरले.

"मावशी, मी त्याचे सोबतीच मारले हो."

त्यांनी माझ्यातले थोडे पाणी शेवटच्या बाटलीत सोडले. माझ्या गढूळ पाण्यात ते जिवाणू तग धरून होते. ते पाण्यात जे सोडतात, त्यावाचून शेवाळाला आकार येत नाही. जुने गोळे वाचले नाहीत. पण त्यांच्या बीजाणूंतून पंधरवड्याने तिळाएवढे, सपाट, हिरवे पान उगवले. बाई रडल्या. मीही रडले असते.

मित्रांनो, स्वच्छता जरूर ठेवा, मला घासणीचे वावडे नाही. पण घासण्याआधी आत कोण राहते, ते एकदा पाहा.

मावशी आता निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'ही धुवू नका.' मोरीजवळच्या ओलीने तिची अक्षरे पुसट होत चालली आहेत. कुणीतरी ती पुन्हा लिहा.