रोज नऊ मार्च

आमच्या दुकानात रोज नऊ मार्च २०१४ असते. शटर वर केलं, पंखा लावला की मी कॉम्प्युटर चालू करतो आणि कोपऱ्यातली तारीख मागे नेतो. मग बोर्डाची अक्षरं कापायचं मशीन खडखडतं आणि दिवस सुरू होतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुमच्या दुकानात आलं की वय कमी होतं." म्हणू दे. तिला दर वर्षी नवा फोन लागतो.

काय भानगड आहे ती सांगतो. या कॉम्प्युटरची सिस्टीम इतकी जुनी, की बनवणाऱ्या कंपनीने कधीच हात झटकले. पण कापायचं मशीन फक्त तिचंच ऐकतं. गिऱ्हाइकं मात्र डिझाइन पाठवतात ती नव्या प्रोग्रॅममधली. तो नवा प्रोग्रॅम या म्हाताऱ्यावर चालवून दाखवला भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. मधे एक छोटीशी फाइल बसवली. प्रोग्रॅम विचारतो, "तू नवी सिस्टीम ना?" फाइल बिनदिक्कत सांगते, "हो." एकच घोडं पेंड खात होतं. परवान्याची ठरावीक मुदत संपली की तो प्रोग्रॅम उघडायलाच नकार देणार होता. म्हणून तारीख मागे. "रोज नऊ मार्च टाकायची, विसरायचं नाही," भाऊजींनी बजावलं. मी कधी विसरलो नाही.

हा सगळा आटापिटा ताईच्या अक्षरांसाठी. ती ब्रशने बोर्ड रंगवायची. अर्ध्या गावाची दुकानं तिच्या हातची आहेत. पुढे हात थरथरायला लागला, तेव्हा भाऊजींनी तिच्याकडून एकेक अक्षर कागदावर काढून घेतलं, दिवसाला दोनच, सावकाश, आणि त्या प्रोग्रॅममध्ये भरलं. तिथून ती बाहेर कुठे नेता येत नाहीत. पहिला बोर्ड कापला गेला तेव्हा ताई स्टुलावर बसून बघत होती. "माझ्यापेक्षा सरळ रेघ मारतंय मेलं," म्हणाली आणि इतकी हसली, की हातातला चहा कीबोर्डवर सांडला. तो डाग मी अजून पुसलेला नाही. आम्ही तिघं एका स्क्रीनला डोकी लावून बसायचो, ते दिवस मला फार आठवतात.

ती गेली आणि महिन्याभरात भाऊजी म्हणाले, "आता नवं मशीन घे. हे किती दिवस ओढणार?" माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला तिचं काही नकोच आहे," असं तोंडावर बोललो. ते चष्मा पुसत उठले आणि गेले. पाच वर्षं ना त्यांचा फोन, ना माझा.

मागच्या सोमवारी नव्या ग्रंथालयाचा बोर्ड पोचवला. ग्रंथपालबाईंनी तो नीट बघितला, पुन्हा बघितला. "काका, आम्ही गुरुवारी उघडतोय. तुम्ही 'स्थापना २०१४' लिहिलंय." वर्ष टाकताना मी सवयीने कोपऱ्यात बघितलं होतं आणि तेच ठोकून दिलं होतं. सगळा कर्मचारीवर्ग हसला. माझी पार शोभा झाली.

दुकानात आलो तो धुमसतच. बस झाला हा पोरखेळ, म्हणून कॉम्प्युटरला आजची खरी तारीख टाकली. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे. प्रोग्रॅमने आजचा दिवस बघितला आणि मुदत संपली म्हणून बंद झाला. मी घाईघाईने नऊ मार्च टाकली. आता तो फसेना. तारखेत फेरफार झालाय, उघडणार नाही, एवढंच परत परत सांगत राहिला. मुलगी आली, दोन तास खटपट केली आणि तिनेही हात टेकले.

"आत्याची अक्षरं गेली का हो, बाबा?" तिने विचारलं. मी परत एकदा नऊ मार्च टाकून बघितली. "आतोबांना फोन करा," ती म्हणाली. "तुम्ही करत नसाल तर मी करते."

मीच केला. "भाऊजी, मी बोलतोय."

"काय केलंस?"

मी सांगितलं.

"खरी तारीख टाकलीस?"

"टाकली."

पलीकडे त्यांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "येतो."

आले. केस पार पांढरे झालेले, चष्मा तोच. ना एक टोमणा, ना चौकशी. कॉम्प्युटर खोलला आणि पिशवीतून रुमालात बांधलेली डिस्क काढली.

"घरच्या कॉम्प्युटरमधली," ते म्हणाले. "तोही असलाच आहे. तिची सगळी अक्षरं यातही भरलीत. हिने अजून आजचा दिवस पाहिलेला नाही."

"पण तुमच्याकडे कापायचं मशीन कुठंय?"

"नाही."

"मग कॉम्प्युटर कशाला चालू ठेवलाय?"

ते स्क्रू फिरवत राहिले. "सकाळी उठलो की नऊ मार्च टाकतो. तिचा 'अ' उघडतो, थोडा वेळ बघतो, बंद करतो. तुला म्हणालो सोडून दे, मला तरी कुठे जमलं?"

माझी मान वर होईना. "भाऊजी, मी फार वाईट बोललो तुम्हाला."

"बोललास," ते म्हणाले. "तो स्क्रू दे इकडे."

डिस्क बसली. तारीख नऊ मार्चच असल्याची मी खात्री केली आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "नऊ मार्चच का? मुदतीच्या आधीची कुठलीही चालली असती ना?"

"चालली असती." त्यांनी कीबोर्डवरच्या डागावर बोट ठेवलं. "पहिला बोर्ड त्या दिवशी कापला. इतकं हसताना मी तिला परत कधी बघितलं नाही."

प्रोग्रॅम उघडला. ताईच्या अक्षरांत 'ग्रंथालय' कापलं जाऊ लागलं. वर्ष मी मुलीला विचारून टाकलं. भाऊजी रुमालाची घडी करून निघाले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"तुमची डिस्क?"

"असू दे. परवाने दोनच घेतले होते. एक तू घालवलास, हा आता नीट सांभाळ. तुला काम आहे, मला काय."

"मग उद्या सकाळी तुम्ही काय बघणार?"

ते पिशवीचा बंद नीट करत उभे राहिले.

"साडेआठला शटर उघडतो मी," मी म्हणालो. "तारीख तुम्ही टाकायची."

"रोज?"

"रोज."