भीमरावच्या फिल्ममधली आई

भीमरावची फिल्म संपली आणि वर्गात टाळ्या पडल्या. मालिनीचे हात मात्र मांडीवरच राहिले.

शहाण्णव साल होतं. उल्हासनगरातल्या व्हिडिओ कोर्सला भीमराव अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायचा आणि मालिनी बदलापूरहून. प्रोजेक्टसाठी त्यानं आपल्या आईवर, द्रौपदीबाईंवर फिल्म केली होती. पाड्यात नळ यावा म्हणून बायका गोळा करून नगरपालिकेवर धडकणारी ही बाई फिल्ममध्ये मात्र नुसती रडत होती. मागे व्हायोलिन विव्हळत होतं आणि भीमराव जड आवाजात गरिबीचं दुःख समजावून सांगत होता.

दिनानाथ सरांनी मतं विचारली. "मस्त", "डोळ्यांत पाणी आलं" असं जो तो म्हणाला. मालिनीच्या फिल्मलाही गेल्या महिन्यात सगळे असंच 'छान' म्हणाले होते, आणि त्या 'छान'चं करायचं काय, हे तिला अजून कळलं नव्हतं. ती उभी राहिली.

"हंड्यांच्या रांगेचा शॉट मी विसरणार नाही. पण भीमराव, तुझी आई अशी आहे का रे? मी घरी आले होते तेव्हा त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. नगरपालिकेच्या साहेबाची नक्कल करून हसवलं. त्या कुठे गेल्या?"

भीमरावचा चेहरा उतरला. "तुझे वडील कंपनीत ऑफिसर. पाणी नसणं काय असतं, ते तुला काय कळणार?"

मालिनीला ते लागलं, पण ती खाली बसली नाही. "नाही कळणार. म्हणूनच तुझ्या फिल्ममधून कळायला हवं होतं. मला फक्त रडणं दिसलं."

तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला गाठलं. लग्नाच्या कॅसेट करणाऱ्या एका सिंधी दुकानदाराच्या मागच्या खोलीत तो एडिटिंग करायचा.

"माझं चुकत असेल. पण सगळं कच्चं शूटिंग एकदा दाखव."

"बघ आणि गप्प बस," तो म्हणाला, पण खुर्ची तिच्याकडे सरकवली.

तिसऱ्या कॅसेटमध्ये द्रौपदीबाई कमरेवर हंडा घेऊन थेट कॅमेऱ्यावर चालून आल्या. "ए डायरेक्टर, तो डबा ठेव खाली नि हंडा धर आधी!" चित्र हललं. मग त्या बायकांकडे वळल्या. "उद्या साहेब जागेवर नसला ना, तर त्याच्या खुर्चीत मी बसते. चला गं!"

"हे फिल्ममधून का काढून टाकलंस?" मालिनीनं विचारलं.

"कॅमेरा हललाय." कॅसेट थांबवून तो म्हणाला, "आणि लोक हसले असते तिला. रडणाऱ्या बाईला कुणी हसत नाही."

मालिनीनं तो तुकडा पुन्हा लावला. "हसतील रे. पण त्यांना नाही, त्या साहेबाला हसतील. फिल्म इथूनच सुरू कर."

एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवत जोडलेली फिल्म ती. सुरुवात बदलायची तर पुढचं सगळं नव्यानं जोडावं लागणार होतं, आणि सोमवारी ती जमा करायची होती.

"तू बसशील?" भीमरावनं विचारलं.

"बसते की."

दोघं रोज दुपारी बसले. व्हायोलिन गेलं, भीमरावचं भाषणही गेलं. रडण्याचा एक शॉट मात्र तो सोडायला तयार होईना.

"हा मला अजून खटकतो," मालिनी म्हणाली.

"बाकीचे मी सांगून करवले होते. हा खरा आहे. नळाचा अर्ज परत आला त्या दिवशीचा. हा राहणार."

मालिनीनं तो पुन्हा पाहिला. या वेळी तिला बाईंच्या आवळलेल्या मुठी दिसल्या. "राहू दे. माझंच चुकलं," ती म्हणाली.

सोमवारी वर्ग साहेबाला खळखळून हसला आणि त्या रडण्याच्या शॉटला चिडीचूप झाला. दिवे लागल्यावर सरांनी मालिनीकडे पाहिलं.

"आता बाई दिसली, सर," ती म्हणाली. "शेवट अजून लांबलाय."

"कुठून?" भीमरावनं विचारलं आणि कॅसेट मागे घ्यायला उठला.