माशी तरंगली पाहिजे

आमचे रविराज माशीनं मासे पकडायचे. खरी माशी नव्हे हो. कोंबड्याच्या पिसाची, दोऱ्यानं गळावर बांधलेली, पाण्यावर तरंगणारी. टेलिफोन खात्यानं तीन वर्षं कुलूला पाठवलं, तिथे हे खूळ डोक्यात शिरलं. आणि पकडायचे म्हणजे तरी काय? पंचशील मानणारा माणूस, गळाचं टोक पक्कडीनं तोडूनच टाकायचा! माशी तरंगली, मासा वर आला, तोंड लावून फसला आणि निघून गेला, की स्वारी खूश. घरी मात्र तळलेला बांगडा चापून खायचे. "बाजारातल्या माशाला पंचशील लागू नाही वाटतं?" मी विचारायची. नुसते हसायचे.

मी आम्रपाली, त्यांची बायको, पोस्टातून रिटायर झालेली. दर रविवारी एक शहाणा माणूस कर्वेनगरहून लोणी काळभोरला बिनटोकाचा गळ घेऊन जातो, हे सांगून मी तीस वर्षं नातेवाइकांना हसवलं. स्वतः एकदाही बरोबर गेले नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दिवसभर खिडकीशी बसायचे. घास पुढे केला की तोंड फिरवायचे. एकदा कपाट आवरताना मी माश्यांची डबी सहज त्यांच्या मांडीवर ठेवली, तर डावा हात डबीवरून काढेनात. डोळ्यांत पाणी. तेव्हा ठरवलं, या माणसाला एकदा, एकदाच, माशी तरंगलेली दाखवायची. रॉड मी धरायचा.

"आई, सीरियसली? तू?" आमची तेजस्विनी फोनवर म्हणाली.

"हो, मी. का, मला हात नाहीत?"

महिनाभर गच्चीवर दोरी फेकायला शिकले. सोसायटीची फुकट करमणूक झाली. एकदा तर समोरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत माशी अडकली, आणि त्यांनीच "मासा मोठाय हो" म्हणून ती सोडवून दिली.

मग एका रविवारी गाडी काढून लोणीला गेलो. सोनबांचं शेततळं, त्यात चिलापी मासे सोडलेले. सोनबा म्हणजे रविराजांचे जुने दोस्त. त्यांनी काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकली, "बसा सायेब, आज वैनींची पाळी हाय," म्हणाले आणि गुरांना वैरण टाकायला गेले.

मी माशी फेकली. पडली ती धपकन, आणि बुडाली. ओढून घेतली. डबीत मलमाची बाटली होती, माशी तरंगावी म्हणून लावायची, एवढं मला ठाऊक होतं. लावलं. पुन्हा फेकली. बुडाली. आणखी लावलं, चांगलं थापलं. तरी बुडाली! मेली, दगड बांधल्यागत खाली जायची.

तेवढ्यात रविराजांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि ओढायला लागले.

"काय झालं? बाथरूमला जायचंय?"

मान हलवली. नाही.

"पाणी हवंय? ऊन लागतंय का?"

नाही. पण पदर सोडेनात. ओढायचे, पदर वर धरायचे, माझ्या हातातल्या माशीकडे बघायचे, पुन्हा ओढायचे. घशातून नुसता आवाज. माझे हात मलमानं बरबटलेले, कपाळावर घाम, आणि चिडका स्वभाव तर जन्मापासूनचा.

"घरी जायचंय का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला ते 'हो' वाटलं.

"एक माशी धड तरंगत नाही, आणि त्यात तुमचं हे! चला, फिटली हौस!" म्हणत मी त्यांच्या मुठीतून पदर हिसकावून घेतला.

हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये ते शेजारी बसून रडत होते. मी नुसता हॉर्न वाजवत होते. राग होता ना मला. बुधवारी सकाळी चहा घेऊन गेले तर ते गेलेले होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तेजस्विनी बंगळूरला परत गेली. मी रविराजांचं मासेमारीचं जाकीट आणि रॉड सोनबांना द्यायला लोणीला गेले. जाकिटाचा खिसा फुगलेला दिसला म्हणून हात घातला, तर कापडाचे चौकोनी तुकडे निघाले. माझी निळी सुती साडी. माझी मोरपंखी काठाची. वर्षानुवर्षं शोधत होते मी या साड्या!

"ह्ये कशाला हो?" मी सोनबांना विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तिकडची होते.

"माशी वाळवायला, वैनी. भिजली की सायेब ह्यात दाबून दाबून कोरडी करायचे, मंगच मलम. म्हनायचे, ओलीवर मलम लावलं तर पानी आतच कोंडतंय, मंग ती बुडनारच. मी एकदा चांगला पंचा दिला, तर न्हाई म्हनले. आमच्या बाईसाहेबांच्या साडीगत पानी कशानंच निघत न्हाई."

मी तिथेच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले, लाजही वाटली नाही. माणूस शेवटचं काहीतरी शिकवत होता, आणि मी पदर हिसकावला. अगं, किती आगाऊ तू आम्रपाली, किती आगाऊ!

मग उठले. रॉड जोडला. माशी आधी मुद्दाम पाण्यात बुडवली. पदरात धरून दाबली, पदर फिरवून पुन्हा दाबली, पिसं मोकळी होईपर्यंत. मग मलम, अगदी बोटाच्या टोकाएवढं. फेकली.

तरंगली. चांगली ताठ उभी राहिली पाण्यावर. वाऱ्यानं जराशी सरकली. खालून एक चिलापी वर आला, तोंड लावलं, फसला आणि निघून गेला.

"अहो, तरंगली! बघितलंत का?" मी ओरडले आणि मागे वळले.

सोनबांनी सवयीनं खुर्ची टाकून ठेवली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, ओला पदर डाव्या बाजूला सोडून, हाताला येईल असा. बराच वेळ उभी होते. कुणी ओढला नाही.